पोटातली बोंडअळी

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, खरेदी केंद्रे आहेत, पीकविमा आहे. आणि शेवटून दुसरा विषय आहे, शाळेतल्या मुलांचे जंत. हा विषय मीच घालायला लावला. बैठक सुरू व्हायच्या आधी दोन-तीन कार्यकर्त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, हे काय नवीन काढलं? हे काम आशाताईचं, मास्तरांचं. आपण भावाची लढाई लढणारी माणसं. आता काय पोरांची नखं कापत बसायची?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायलाच मी उभा आहे.

मागच्या हंगामात एका गावात मी गुलाबी बोंडअळीवर बोलत होतो. बोंड फोडून आतली अळी दाखवली. कामगंध सापळा कसा लावायचा ते दाखवले. बैठक संपली, माणसे पांगली. एक बाई मात्र थांबून राहिली. म्हणाली, "भाऊ, बोंडातली अळी तुम्ही दाखवली. माझ्या पोराच्या पोटातून काल एवढा लांब जंत पडला. तो कुठून आला ते कोण सांगणार?"

मी शेतकी शाळेचा पदवीधर. कपाशीवरच्या किडीचा जीवनक्रम झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. पण त्या माउलीला मला धड उत्तर देता आले नाही. "जंताची गोळी द्या," एवढेच म्हणालो. ती म्हणाली, "गोळी दिली ना शाळेत. त्याच्या आधीबी दिली होती. पुन्हा होतात."

'पुन्हा होतात.' या दोन शब्दांत सगळा विषय आहे. घरी आलो, पुस्तके काढली, डॉक्टर मित्रांना विचारले. तेव्हा लक्षात आले की हा विषय डॉक्टरांइतकाच आपलाही आहे. कारण जंताचे मूळ पोटात नाही, जमिनीत आहे. आणि जमिनीचे आपल्याला कळते.

ज्वारीतला टारफुला आणि पोटातला जंत

तुमच्यापैकी किती जणांच्या ज्वारीत टारफुला येतो? हात वर करा. बरेच आहेत. टारफुला काय करतो? तो ज्वारीच्या मुळाला चिकटतो आणि तिचा रस ओढतो. ज्वारी पिवळी पडते, खुजी राहते. आपल्याला वाटते पाऊस कमी पडला, खत कमी पडले. ज्वारी जेवते आणि टारफुला पोसला जातो. टारफुल्याच्या एका झाडाला हजारोंनी बी धरते, धुळीसारखे बारीक. ते जमिनीत कितीतरी वर्षे जिवंत राहते. म्हणून एका हंगामात टारफुला उपटला तरी पुढच्या वेळी तो हजर.

जंताचे अगदी तसेच आहे. पोर खाते आणि जंत पोसला जातो. आई म्हणते, खाल्लेले अंगी लागत नाही. कसे लागणार? वाटेकरी आत बसलेला आहे.

आपल्याकडे मुख्य जंत तीन. पहिला मोठा गोल जंत, गांडुळासारखा दिसणारा, वीतभर लांब. त्याची एक मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून जमिनीवर पडतात. पडल्या पडल्या ती बाधत नाहीत. ओलसर मातीत दोन-तीन आठवडे मुरली की बाधण्याजोगी होतात, आणि मग महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षे टिकून राहतात. आपली काळी चिकण माती ओल धरून ठेवते हे कपाशीला जसे चांगले, तसे दुर्दैवाने या अंड्यांनाही चांगले. दुसरा चाबूककृमी. त्याचाही मार्ग हाच, मातीतून हाताला आणि हातातून तोंडाला.

तिसरा अंकुशकृमी, आकड्यासारख्या तोंडाचा. हा जेमतेम एक सेंटिमीटरचा, पण रक्तपिता. याची अंडी जमिनीवरच फुटतात. आठवडाभरात अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. तिथून रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, घशातून पोटात. आतड्याला चावून बसते. याच्या दोन जाती आहेत. एका जातीचा एक कृमी दिवसाला ०.०३ मिलिलिटरच्या आसपास रक्त घालवतो, दुसऱ्या जातीचा ०.१५ ते ०.२ मिलिलिटर. आकडा लहान वाटतो. पण त्या दुसऱ्या जातीचे शंभर कृमी धरा. रोजचे १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे रक्त. रोज. वयात आलेल्या मुलीच्या अंगातून हे रक्त जात असेल, तर तिला धाप लागेल, चक्कर येईल, अभ्यासात लक्ष लागणार नाही. आपण म्हणतो, पोरगी कामचुकार आहे.

या अळीला कोरडे ऊन सोसत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या वावरात ती मरते. पण पावसाळ्यात नाल्याकाठी, बाभळीच्या सावलीत, जिथे गाव परसाकडे बसते, नेमकी तिथे ओल असते, सावली असते आणि पायवाटही असते. पोरे त्याच वाटेने अनवाणी जातात.

आता एक गैरसमज काढून टाकू. गूळ खाल्ल्याने, गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. पोराचा गूळ बंद करू नका. पोरगा झोपेत दात खातो म्हणून त्याला जंतच असतील, असेही नाही. जंत एकाच मार्गाने होतात. माणसाची विष्ठा मातीत जाते आणि ती माती आपल्या तोंडात किंवा पायात जाते. ऐकायला घाण वाटते, पण खरे आहे.

आळशी कोणाला म्हणायचे?

आता तुम्हाला जरा लांब घेऊन जातो. अमेरिकेला. पण तिथल्या मोठ्या शहरात नाही, कापसाच्या मुलखात. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया ही त्यांची दक्षिणेकडची राज्ये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथला लहान शेतकरी आणि वाटेकरी आपल्यासारखाच होता. कापूस पिकवायचा, सावकाराच्या खात्यावर जगायचा. पोरे अनवाणी आणि घरे संडासाविना. उत्तरेकडचे शहरी लोक त्याला हसायचे. म्हणायचे, हा दक्षिणेचा गरीब माणूस जात्याच आळशी. फिकट तोंडाचा, दिवसभर ओसरीवर बसून असतो.

१९०२ साली चार्ल्स स्टाइल्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सांगितले की हा आळस नाही, अंकुशकृमी आहे. वर्तमानपत्रांनी त्याचीही टिंगल केली. 'आळसाचा जंतू सापडला' असे मथळे दिले. पण १९०९ साली रॉकफेलर या तेलसम्राटाने १० लाख डॉलर दिले, आणि अकरा राज्यांत पाच वर्षांची मोहीम चालली. शाळेच्या वयाच्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा दर दहांतल्या जवळजवळ चार मुलांच्या पोटात अंकुशकृमी निघाला. खेड्यातली घरे पाहिली, तर सुमारे निम्म्या घरांना कसलाच संडास नव्हता.

सुरुवातीला लोक चिडले. आमची बदनामी करता काय, म्हणाले. मग मोहिमेच्या माणसांनी एक युक्ती केली. गावोगाव तात्पुरते दवाखाने मांडले. बरणीत जंत ठेवले, सूक्ष्मदर्शकातून लोकांना अंडी दाखवली. शाळांतून धडे दिले. लोक जत्रेला यावे तसे येऊ लागले. मोहीम संपेपर्यंत जवळजवळ ७ लाख लोकांवर उपचार झाले. पुढे २००७ साली होइट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञाने जुने आकडे तपासले. ज्या भागात कृमी जास्त होता, त्याच भागात मोहिमेनंतर मुलांची शाळेतली हजेरी आणि साक्षरता जास्त वाढली. ती मुले मोठी झाल्यावर त्यांची कमाईही वाढली.

भावांनो, यातला अर्थ ध्यानात घ्या. पिढ्यान् पिढ्या ज्याला आळशी म्हटले, तो रक्त गमावलेला माणूस होता. आपल्यालाही आळशी म्हणणारे कमी नाहीत. शहरात पंख्याखाली बसून कोणीतरी लिहितो की शेतकरी कष्ट करत नाही. त्याला उत्तर द्यायचे तर आपले पोर आधी धडधाकट पाहिजे.

पण त्या मोहिमेतून दुसरी गोष्टही शिकायची आहे. औषध घेतलेली पुष्कळ माणसे पुन्हा अनवाणी त्याच जमिनीवर गेली आणि पुन्हा लागण झाली. पाच वर्षांत जंत संपला नाही. तो पुढच्या काही दशकांत हटला. संडास बांधले गेले, पायात जोडे आले, हातात पैसा आला, तेव्हा हटला. आपल्या त्या माउलीचे 'पुन्हा होतात' अमेरिकेनेही अनुभवलेले आहे.

फवारणी झाली, पऱ्हाट्या उभ्याच

आपल्याकडे काय चालले आहे? २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या ठरलेल्या तारखा. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. गोळी चांगली आहे. ती चावून खायची. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी, तीही कुस्करून. ज्या मुलाच्या पोटात जंत फार, त्याला गोळीनंतर थोडे मळमळते, पोटात दुखते. घाबरू नका. जास्त वाटले तर आशाताईला सांगा. मुलाला ताप असेल, ते आजारी असेल, तर त्या दिवशी गोळी द्यायची नाही, बरे झाल्यावर द्यायची. पण भीतीपोटी पोर घरी ठेवू नका.

मात्र गोळी म्हणजे फवारणी आहे. ती आज पोटात असलेला जंत मारते. उद्या तोंडात जाणारे अंडे थांबवत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते आठवा. फवारण्या केल्या, तरी बोंडे गेली. तेव्हा आपण काय शिकलो? फरदड घ्यायची नाही. हंगाम वेळेवर संपवायचा. पऱ्हाट्या आणि किडकी बोंडे वावरात ठेवायची नाहीत. किडीचा जीवनक्रम तोडायचा. कपाशीत जे आपण शिकलो, ते पोरांच्या बाबतीत विसरलो. वर्षातून दोनदा फवारणी होते आणि पऱ्हाट्या उभ्याच राहतात.

मग जीवनक्रम तोडायचा कुठे? दोन जागी. विष्ठा मातीत जाते तिथे, आणि माती तोंडात-पायात जाते तिथे. पहिले काम गावाचे. दुसरे काम शाळेत शिकवता येते. शिकवून खरोखर फरक पडतो का, हे चीनमध्ये पाहिले गेले. हुनान प्रांतातल्या ३८ शाळा घेतल्या, नऊ-दहा वर्षांची १,७१८ मुले. आधी सगळ्यांना जंताची गोळी दिली. मग निम्म्या शाळांत १२ मिनिटांची एक चित्रफीत दाखवली, 'जादूचा चष्मा' नावाची. जंत कसे होतात आणि कसे टाळायचे, एवढेच तिच्यात. त्यावर वर्गात चर्चा, चित्रे, निबंध. बाकीच्या शाळांत नेहमीचेच. वर्षअखेरीस तपासले. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. ज्या शाळांत शिकवले नाही, तिथे शंभरांत ८.४ मुलांना लागण. शिकवले तिथे ४.१. म्हणजे निम्म्याने कमी. संडासाहून आल्यावर हात धुणारी मुले शिकवलेल्या शाळांत शंभरातली जवळजवळ ९९ निघाली, इतर शाळांत ५४.

पण मी तुम्हाला एकच बाजू सांगणार नाही. तोच प्रयोग पुढे फिलिपाइन्समध्ये लगुना प्रांतात केला. तिथे मुलांचे ज्ञान वाढले, पण जंतांची लागण एकूणात तितकी हटली नाही. जिथे लागण आधीच कमी होती, तिथे मात्र फायदा दिसला. आपल्याला यात नवल वाटायला नको. ज्या वावरात टारफुल्याचे बी खच्चून भरले आहे, तिथे एका निंदणीने काय होणार? म्हणून शिकवणे पाहिजे, गोळी पाहिजे आणि संडासही पाहिजे. तिन्ही मिळून. कोणी एकच दाखवून दोन गोष्टी टाळत असेल, तर तो आपल्याला फसवतो आहे.

शाळेत काय शिकवायचे?

भिंतीवर 'स्वच्छता हीच सेवा' लिहिले म्हणजे शिकवणे झाले नाही. पोर पाहून शिकते, करून शिकते. एक सोपा धडा सांगतो. एका मुलाच्या हाताला गुलाल लावा आणि सगळ्यांना दहा मिनिटे खेळू द्या. मग पाहा. गुलाल दुसऱ्याच्या हाताला गेलेला असेल, पाटीला, तोंडाला, पाण्याच्या ग्लासला. मास्तरांनी एवढेच म्हणायचे, अंडी अशीच जातात, फक्त दिसत नाहीत. हा धडा पोर जन्मभर विसरणार नाही.

मग सवयी. संडासाहून आल्यावर आणि खिचडी खायच्या आधी साबणाने हात धुणे. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी नखे कापणे. संडासला जाताना पायात चप्पल. बोरे, गाजर, मुळा, भुईमुगाच्या शेंगा धुऊन खाणे. हुरड्याला गेलो तर आगटीपाशी पाण्याचा एक डबा आणि साबण आधी, कणसे नंतर. साबण परवडत नाही, चोरीला जातो, असे मास्तर सांगतात. साबण जाळीच्या तुकड्यात बांधून नळाला टांगा. साबण नसेल त्या दिवशी चुलीतली राख चालेल.

पण पाणीच नसेल तर? मी अशा शाळा पाहिल्या आहेत, जिथे संडास बांधलेला आहे, कुलूप लावलेले आहे आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. अशा शाळेत हात धुण्याचे धडे देणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट जोडणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुला-मुलींसाठी वेगळे संडास आणि पिण्याचे शुद्ध पाणी शाळेत असलेच पाहिजे, असे लिहिलेले आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया. ही समिती कोणाची? तुमची. मग तुमच्या गावातल्या समितीची बैठक शेवटची कधी झाली, सांगा पाहू. सह्या घरी येऊन घेतल्या जातात आणि आपण करून देतो.

आणि आपल्या घरातले. सरकारने संडास बांधून दिले. कितीतरी घरांत त्यात गोवऱ्या ठेवल्या आहेत, कडबा ठेवला आहे. लहान लेकराची शी म्हणजे काही वाईट नाही, असे समजून आपण ती उकिरड्यावर टाकतो. तिच्यातही तीच अंडी असतात. ती संडासात टाका. दोन खड्ड्यांचा संडास असेल, तर भरलेला खड्डा बंद करून दोन वर्षे राहू द्या, मग खत काढा. ताजे सोनखत भाजीच्या वाफ्यात घालू नका.

भाव आधी की साबण आधी?

आता माझ्या कार्यकर्ता मित्रांच्या प्रश्नाकडे येतो. ते म्हणतात, कापसाला भाव मिळाला की चप्पल येईल, संडास येईल, साबण येईल. आपले आपोआप होईल. मी म्हणतो, बरोबर आहे. अमेरिकेतही जंत शेवटी पैशानेच हटवला. भावाची लढाई सोडा, असे मी कधीच म्हणणार नाही. पण भाव मिळेपर्यंत जंत थांबत नाही. आज चौथीत असलेली पोरगी भाव मिळेपर्यंत चौथीत राहणार नाही. तिचे रक्त आज जाते आहे.

आणि हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, उत्पादन खर्चात आपण बियाणे धरतो, खत धरतो, मजुरी धरतो. पोराच्या तोंडी घातलेली भाकर जंताने खाल्ली, ती कोणत्या खात्यावर लिहायची? घामाने पिकवलेली ज्वारी पोटात जाऊनही लेकराची होत नसेल, तर ही लूटच आहे. लुटारू डोळ्याला दिसत नाही एवढेच.

गाडगेबाबा आपल्याच मातीतले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. ते गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात अज्ञानावर, कर्जावर, देवाच्या नावाने चाललेल्या उधळपट्टीवर कोरडे ओढायचे. खराटा वेगळा आणि लढाई वेगळी, असे त्यांनी मानले नाही. आपण का मानावे?

म्हणून बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात आपल्या गावच्या शाळेत जाऊन पाहायचे. संडास उघडा आहे का, पाणी आहे का, साबण आहे का, हात धुवायला किती तोट्या आहेत. पाहिलेले वहीत लिहायचे. दुसरी, नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवायची, ठराव करायचा आणि तो ग्रामसभेपुढे न्यायचा. तिथे भागले नाही, तर आपण मोर्चा काढायला शिकलेलोच आहोत. तिसरी, गोळीच्या दिवशी आपल्या कार्यकर्त्याने शाळेत हजर राहायचे आणि गुलालाचा धडा त्याच दिवशी मुलांसमोर करायचा. गैरहजर मुलांची नावे घ्यायची. राहिलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा गोळी देतात, तेव्हा त्यांना घेऊन यायचे.

त्या माउलीला द्यायचे राहिलेले उत्तर आता माझ्याजवळ आहे. या महिन्यात मी तिच्या गावी जाणार आहे, गुलालाची पुडी घेऊन. तुम्ही आपापल्या गावी जा.